मग तुमच्या अंगणात कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, आणि एकदाच काय ते नीट लिहिते. दर मे महिन्यात आमच्या अंगणातल्या आंब्यावर सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, फुलते. मी फोटो टाकते, खाली 'जंगलातल्या आमरी काढून आणू नका' असंही लिहिते, आणि तासाभरात पहिला प्रश्न येतो: मग तुमच्या अंगणात कशा? कुणी सरळ विचारतं, कुणी टोमणा मारतं. 'तुम्ही आणली की हौस, आम्ही आणली की चोरी' हे वाक्य तर मला पाठ झालंय.

माझ्या आमरी जंगलातल्या नाहीत. त्या आमच्याच सामाईक जमिनीतल्या रायवळ आंब्यावरच्या आहेत, आणि तो आंबा आता नाही.

वाटणीत तो चुलत दिरांकडे गेला. त्यांना लेकीच्या शिक्षणाला पैसे हवे होते, खोड आतून पोकळ होत चाललं होतं, आणि पावसात झाड गोठ्यावर येईल ही भीतीही खोटी नव्हती. तोडीची परवानगी रीतसर काढली. कागदावर झाडाची जात आली, घेर आला. त्याच्या अंगावर काय वाढतंय हे लिहायला रकाना नव्हता. मी अडवायला गेले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "फुलां बघून पोट भरतला काय, वहिनी?" यावर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आंबा आडवा झाल्यावर कळलं की वर किती काय होतं. खालून इतकी वर्षं फक्त सीतेची वेणी दिसायची. दुबेळक्यात सिंबिडियम या दुसऱ्या आमरीचा जाड झुबका होता, त्याच्या मुळांत कुजलेला पाला आणि मुंग्यांचं घर. अकॅम्पे या आमरीचे जुने गड्डे. बाशिंग नेच्याची वाळकी पानं. शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर ओबेरोनिया ही छोटी आमरी, तिची चपटी पानं एकात एक बसलेली आणि फुलं इतकी बारीक की भिंगाशिवाय ओळख पटू नये. ज्या अंगावर झाड पडलं त्या बाजूचं सगळं चिरडलं होतं.

ट्रक संध्याकाळपर्यंत भरायचा होता. मी बोथट सुरी घेऊन बसले. मूळ सालीवर चपटं होऊन घट्ट चिकटलेलं असतं. सुरी घातली की वरचं पांढरं आवरण, वायरीवरचं प्लॅस्टिक सोलून यावं तसं, निघून हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो. पावसाचं, दवाचं पाणी शोषून घेतं ते हे आवरणच. कोरडं असताना ते पांढरं दिसतं, पाणी पडलं की दोन मिनिटांत आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे मी ज्याला 'सोडवणं' म्हणत होते त्यात झाडाचं पाणी प्यायचं तोंडच फाटत होतं. करवतीवरच्या माणसाने थोडा वेळ पाहिलं. "बांडगूळ ता, तेका काय करतलास?" म्हणाला. बांडगूळ फांदीत मूळ घालून रस ओढतं, ही नुसती बसायला जागा मागते, हे मी त्याला सांगितलं. त्याला किती पटलं माहीत नाही, पण त्याने कोयता घेतला आणि सालीचे तुकडेच्या तुकडे रोपांसकट काढून दिले. दिवसभरात मला एवढी एकच मदत झाली.

सीतेच्या वेणीला तेव्हा कळ्यांचे तुरे लोंबत होते. ते सगळे मी कापले. उखडलेल्या रोपाने फुलत बसलं तर मुळं धरायला त्याच्याकडे काही उरत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी हात थरथरत होता. फोटोंखाली 'किती नशीबवान तुम्ही' असं जे लिहितात, त्यांना हे माहीत असावं म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

पहिल्या पावसात सगळी बांधली. माती नाही, कुंडी नाही, शेणखत नाही. खरखरीत सालीची झाडं निवडली: आंबा, ऐन, फणस. नाणा या झाडाची साल सोलवटून पडते, म्हणून तो टाळला. सोडणाचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे लावा असं पुष्कळ जण सुचवतात. कोरड्या हवेत ते ठीक, पण कोकणातल्या पावसात सोडण महिनोन्महिने ओलं राहतं आणि मुळं सडतात. सुती दोरीने सालीशी घट्ट बांधायचं, रोप हलता कामा नये. जुनी मुळं पुन्हा झाडाला धरत नाहीत, नवी फुटावी लागतात. काही रोपांना फुटली. ओबेरोनिया सगळी गेली, बारीक फांदी वाळली तशी तिच्यासोबत तीही. सीतेची वेणी जगली, पण पुढची काही वर्षं फुललीच नाही. तुम्हाला फोटोत दिसतं ते त्या आंब्यावरचं उरलंसुरलं आहे.

आता 'आमची तर छान जगलीय' म्हणणाऱ्यांना. आमरी मरायला फार वेळ घेते. डेंड्रोबियम बार्बाट्युलम या आमरीचंच उदाहरण घ्या. तिच्या कांड्या पावसाळ्यात वाढतात, पुढे पानं झडतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं येतात. जानेवारीत आंबोली घाटाकडून आणलेली फांदी तुमच्या बाल्कनीत फुलली, तर ते मागच्या पावसाचं, तिथल्या झाडावरचं फूल आहे. तुमच्याकडे आल्यावर येणारी नवी कांडी जुनीपेक्षा आखूड आहे का ते मोजा. दरवर्षी आखूड होत असेल तर ती साठवणीवर दिवस काढतेय. सीतेच्या वेणीची पानं सुरकुतायला लागेपर्यंत तर वर्षही निघून जातं.

ओळखीचंही सांगते, कारण निम्मे फोटो नुसत्या पानांचे असतात. पानाचं टोक बघा. सीतेच्या वेणीचं टोक कुरतडल्यासारखं, दोन्ही बाजू असमान, आणि पानावर लांबट फिकट रेषा. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एरिडिस मॅक्युलोसा या आमरीच्या पानांवर बहुतेक जांभळट ठिपके असतात. पण फुलाशिवाय छातीठोक नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. बार्बाट्युलम आणि ओव्हॅटम या दोन डेंड्रोबियम नुसत्या कांड्यांवरून मला वेगळ्या सांगता येत नाहीत.

कायदा दाखवणारेही भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीआधी नावानिशी आलेल्या आमरी मोजक्याच होत्या: निळी वांडा, तांबडी वांडा आणि लेडीज स्लिपरचा गट. सीतेची वेणी त्यात नव्हती, बरोबर. पण राखीव जंगलातली फांदीसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि देशाबाहेरच्या व्यापारापुरती तर आमरीची सगळी जातकुळीच आंतरराष्ट्रीय करारात बांधलेली आहे.

'मग बिया द्या' असंही म्हणतात. एका बोंडात हजारोंनी बिया असतात, पण त्यांच्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशीची गाठ पडली तरच त्या रुजतात. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे शेवाळापासूनच्या जेलीवर, बुरशीशिवाय त्या रुजवून दाखवल्या. बाजारातल्या जांभळ्या डेंड्रोबियमची रोपं आज प्रयोगशाळांतल्या बाटल्यांतून तयार होऊन येतात. हौस असेल तर ती घ्या. कुणाच्या फांदीवरून उतरवलेली नसतात.

राहिला तुकडा मागण्याचा प्रश्न. पूर्वी मी देत असे. मला वाटे, माझ्याकडून एक तुकडा मिळाला तर माणूस घाटात फांदीला हात घालणार नाही. आता देत नाही, कारण तुकडा पाहून शेजाऱ्याला हवासा वाटतो आणि शेजारी माझ्याकडे न येता घाटात जातो. पण तेव्हाची मी अजून वाद घालते: न दिल्याने मागणी थांबली का? नाही थांबली. आंबोलीच्या रस्त्याला सीझनमध्ये कोण काय गोळा करतं हे तुम्हीही पाहिलंय. आणि पडलेल्या झाडावरचं उचललं म्हणून माझं निर्मळ, हेही मला पूर्ण पटत नाही. तो आंबा उभा असता तर या आमरी माझ्या असत्याच कशाला?

दीर अजून दरवर्षी फुलं बघायला येतात. त्यांची लेक आता नोकरीला लागली आहे. तिने परवा विचारलं, "काकी, त्या आंब्याची जागा अजून मोकळीच आहे, तिथं काय लावूया?" मी रायवळच म्हटलं. साल नीट खरखरीत व्हायला माझं आयुष्य पुरणार नाही, पण कलमी हापूस लावला तर लोक दरवर्षी छाटणार आणि औषधं मारणार. दीर अजून हापूसवरच अडून आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवायचंय.