गफमन आला की गफमन आले?

सबटायटलच्या कामात मी सहसा हसत नाही, एकच सीन वीसवीस वेळा मागेपुढे केल्यावर कुणाला हसू येणार. पण त्या दिवशी वेटिंग फॉर गफमन (1996, दिग्दर्शक ख्रिस्तोफर गेस्ट) हा इंग्रजी विनोदी सिनेमा हातात आला आणि सुरुवातीलाच फिस्सकन हसले. अमेरिकेतल्या मिसूरीतलं ब्लेन नावाचं काल्पनिक गाव, 150 वा वाढदिवस, त्यासाठी गावातल्या हौशी कलाकारांनी बसवलेलं नाटक, आणि गाव स्वतःला स्टूलांची राजधानी म्हणवतं. आता मराठीतसुद्धा स्टूल म्हणजे बसायचं पण आणि लॅबमध्ये तपासायला द्यायचं पण, म्हणजे जोक आयताच मिळाला ना! मग मला चेवच आला, मी पुढे या सगळ्या हौशी कलाकारांना वाढीव फार्सवालं मराठी देत सुटले.

दुपारी सलग लावून बघितलं तर एक सीन चालेना. सगळं पांचट.

म्हणजे झालं काय, यातले बहुतेक संवाद लिहिलेलेच नाहीत. गेस्ट आणि युजीन लेव्हीने कथेचा सांगाडा केला आणि नट मंडळी कॅमेऱ्यासमोर मनाने बोलत गेली. त्यामुळे सगळे एकमेकांच्या वाक्यात घुसतात, मधेच गप्प होतात, आणि ते दोन ओळींत कोंबताना मी प्रत्येक वाक्य पूर्ण करून वर चटकदार केलेलं. तो डेंटिस्ट (लेव्ही स्वतःच) सांगतो की शाळेत वर्ग हसवायचा दुसराच मुलगा, पण हा त्याच्या शेजारी बसून त्याचा अभ्यास करायचा. पेशंटला दाढेबद्दल सांगावं इतक्या शांतपणे सांगतो हो, आणि मी त्याला शेवटी "राव" चिकटवलं होतं! काढलं. असे बरेच "राव" निघाले.

मग गफमन. ब्रॉडवेवरून, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटकांच्या दुनियेतून, यांचं नाटक बघायला येणारा बडा माणूस, त्याच्यासाठी राखून ठेवलेली खुर्ची. सकाळी मी "गफमन आला!" लिहिलेलं, छोटं आणि खटकेबाज. पण ज्याच्यावर यांचं सगळं नशीब टांगलंय त्याला हे लोक आला कसं म्हणतील? शोधून शोधून सगळीकडे "आले" केलं.

शेवटी खुर्चीत बसलेला माणूस गफमन नाहीच हे कळतं, तिथे अर्धा तास अडकले. आता त्याला "तुम्ही"च ठेवायचं का "तू"वर आणायचं? इंग्रजीत हा प्रश्नच नाही, सुखी लोक.

"तुम्ही"च ठेवलं.