जनरेटरची जागा

गेल्या वर्षी कऱ्हाडहून गुहागरला निघताना, गाडीच्या हुकाला जोडून ओढायच्या आमच्या छोट्या कॅम्परच्या पाठीमागे लोखंडी जाळी बसवून तीत मी जनरेटर आणि पेट्रोलचा कॅन ठेवला होता, कारण उतरवायला तीच जागा सोयीची वाटली. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत काही जाणवले नाही. पुढे सरळ रस्त्याला वेग साठच्या वर गेला आणि कॅम्पर डावी-उजवीकडे झोले खाऊ लागला. ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तेव्हा तो हळूहळू सावरला. त्यानंतर गुहागरपर्यंत सौभाग्यवतींनी काटा चाळिसाच्या पुढे जाऊ दिला नाही.

घरी आल्यावर हुकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसे तोलायचा वजनकाटा ठेवून मोजणी केली. सुमारे ६०० किलोच्या आमच्या कॅम्परचा हुकावर एरवी ४८ किलो भार येतो. जाळी, २१ किलोचा जनरेटर आणि १० लिटरचा भरलेला कॅन मिळून जेमतेम ३८ किलो होत होते, पण ते चाकांच्या बरेच मागे लटकत असल्याने पुढची बाजू उचलली जाऊन हुकावर २५ किलोच उरले. एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार हुकावर असावा, नाहीतर कॅम्पर झोले खातो, असा ढोबळ हिशेब आहे. आमचा चार टक्क्यांच्याही खाली गेला होता. आता जनरेटर पुढच्या दांड्यावरील पेटीत असतो आणि तिथला पाण्याचा कॅन चाकांच्या किंचित मागे सरकवला आहे. भार ५८ किलो भरतो. पुढे वजन वाढवताना गाडीच्या हुकाची मर्यादाही पाहावी लागते, हे ओघाने आलेच.

पेटीला तळाशी भोके आहेत, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. जनरेटर नेहमी उभाच बांधावा. आडवा पडला तर इंजिनातील तेल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये शिरते. निघण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक आणि झाकणावरची हवेची कळ दोन्ही बंद करावीत. कॅम्परच्या आत तर जनरेटर रिकामाही ठेवू नये, कारण गाद्यांना लागलेला पेट्रोलचा वास आठवडाभर जात नाही. कॅन घेऊन फिरणेही मी सोडले आहे. मुक्काम जवळ आला की पंपावर कॅन जमिनीवर ठेवून लागेल तेवढेच पेट्रोल घेतो.

किनाऱ्यावर मुक्काम असताना एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. संध्याकाळी समुद्राकडून खारा वारा येतो म्हणून जनरेटर जमिनीच्या बाजूला ठेवावा, तर रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटतो आणि तोच धूर थेट खिडकीकडे येतो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. आम्ही जनरेटर किमान वीस फूट लांब ठेवतो आणि झोपण्यापूर्वी बंद करतो.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओलावा ओढून घेते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ओलाव्याला तोटा नाही. म्हणून मेअखेरीस टाकी रिकामी करून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवून मी कार्ब्युरेटर कोरडा करतो, तेल बदलतो, प्लग काढून त्या भोकात चमचाभर तेल सोडतो आणि दोरी दोन-तीनदा हळूच ओढून प्लग पुन्हा बसवतो. खारट थर ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, जनरेटर पडवीऐवजी माजघरात लाकडी फळीवर सुती चादरीखाली ठेवतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास आत घाम धरून गंज चढतो. हे सारे न करता ठेवला होता, त्या वर्षी ऑक्टोबरात कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाशी फणसाच्या चिकासारखा थर बसलेला होता.