स्पोर्ट्समनचा सायलेन्सर, नोंद चौथी: १५०० आरपीएमचा घुमारा

मागच्या नोंदीच्या शेवटी नवा सायलेन्सर बसला होता आणि क्लॅम्प आवळून पाण्यावर जायचं तेवढं बाकी होतं. गेलो. वेगात असताना बोट खरोखर शांत झाली होती, इतकी की शेजारी बसलेल्या मित्राशी ओरडून बोलावं लागलं नाही. परत येताना थ्रॉटल खाली घेतला, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा काटा १५०० वर आला आणि अख्खी बोट घुमायला लागली. आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवत होता. सीटच्या फळ्या थरथरत होत्या, विंडशील्डची चौकट बारीक वाजत होती. १३०० वर गेलो की गायब, १७०० वर गेलो की गायब, १५०० वर पुन्हा हजर. जेटीवर उभा असलेला दुसरा मित्र म्हणाला, "अरे, यापेक्षा आधीची बरी होती." पुढचा महिना त्या घुमाऱ्याच्या मागे गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: बोट म्हणजे १९५५ सालची १७ फुटी क्रिस-क्राफ्ट स्पोर्ट्समन, महोगनीची. इंजिन के मॉडेलचं, सहा सिलिंडर, फ्लॅटहेड (झडपा डोक्यात नसून सिलिंडरच्या बाजूला), साधारण ३.८ लिटर, ९५ अश्वशक्ती. बोट माझ्याकडे आली तेव्हा रायझरपासून (इंजिनातून धूर वर नेणारी उभी नळी) ट्रान्समपर्यंत (बोटीची मागची उभी फळी) ३ इंची सरळ नळी होती, मध्ये काहीही नाही. थंड करणारं पाणी रायझरच्या शेवटी नळीत सोडलेलं, म्हणजे नेहमीचा ओला एक्झॉस्ट. हे पाणी गॅस थंड करतं आणि आवाजही खातं. म्हणूनच पहिल्या नोंदीत पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चक्र, बदलला होता आणि रायझरमधली पाण्याची भोकं साफ केली होती. तेवढ्यानेच आयडलला २ डेसिबल कमी झाले. सायलेन्सर घ्यायच्या आधी प्रत्येकाने हे करून पाहावं असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या बुजलेल्या भोकांमुळे आवाज वाढतो आणि रबरी होजही आतून भाजत जातो.

आता घुमाऱ्याकडे. पहिली चूक मीटर वाचण्यात होती. मी सगळी मापं ए-वेटिंगवर (माणसाच्या कानाप्रमाणे सुरांना कमी-जास्त धरणारी मीटरची पट्टी) घेत होतो, कारण आवाजाच्या नियमांतले आकडे तसेच असतात. सरळ नळीवर २८०० आरपीएमला २५ मीटरवरून ८४ डेसिबल यायचे, नव्या सायलेन्सरवर ७७. मी खूश होतो. १५०० ला ७१ चे ६९ झाले होते, म्हणजे मीटरच्या मते तिथेही सुधारणाच. पण ए-वेटिंग खालच्या सुरांना फार कमी धरतं: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा, १२५ हर्ट्झला सुमारे १६ वजा. आपला सगळा खर्ज तिथेच. मीटर सी-वेटिंगवर टाकला, ते या सुरांना जवळजवळ जसंच्या तसं मोजतं. तेव्हा १५०० ला सरळ नळीवर ८६ आणि सायलेन्सरवर ८८ आले. (सरळ नळी पुन्हा बसवून मोजली. एक सकाळ गेली, पण अंदाजावर पुढे जायचं नव्हतं.) जेटीवरच्या मित्राचे कान बरोबर होते.

आयडलवर, बोटीपासून मीटरभर अंतरावर मोजायची एसएई जे २००५ ही प्रमाणित पद्धत इथे उपयोगी पडत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जुन्या इंजिनांना त्या पद्धतीने ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि माझी बोट त्यात आरामात बसते. पण आयडलवर घुमारा नसतोच. तेव्हा तुमची बोट नियमात बसते आणि तरीही काठावरचे लोक वळून बघतात असं होत असेल, तर मोजणी आरपीएमच्या पायऱ्यांवर करा. मी १००० पासून ३००० पर्यंत दर १०० ला माप घेतलं, ए आणि सी दोन्ही. सी चा आलेख काढल्यावर १५०० वर एकच उंच टोक दिसलं.

एवढं अरुंद टोक म्हणजे कुठेतरी काहीतरी सुरात वाजतंय. फोर-स्ट्रोक सहा सिलिंडरला क्रँकच्या एका फेऱ्यात तीन ठोके पडतात. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणजे ७५ ठोके, ७५ हर्ट्झ. आता नळी. सायलेन्सर मी रायझरला लागून बसवला होता, कारण जागा तिथे होती आणि इंजिनाच्या पेटीखाली तो झाकला जायचा. त्याच्या मागे ट्रान्समपर्यंत २.४ मीटर मोकळी नळी उरली. ही नळी दोन्ही टोकांना उघडी धरायची, एक टोक सायलेन्सरच्या पोकळीत, दुसरं बाहेर. अशा नळीचा मूळ सूर म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट, जसा दोन्हीकडून उघड्या बासरीचा असतो. पाणी मिसळल्यावर गॅस साधारण ६० अंशांवर असतो असं धरलं तर वेग सेकंदाला सुमारे ३६६ मीटर. ३६६ भागिले ४.८ म्हणजे ७६ हर्ट्झ.

७५ आणि ७६. कागदावर हे दोन आकडे शेजारी आले तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

तरी केवळ हिशोबावर विश्वास ठेवून होज कापायचा नव्हता. म्हणून आधी एक तात्पुरता प्रयोग केला, आणि या नोंदीतला हाच भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ट्रान्समबाहेर आलेल्या तोंडावर त्याच व्यासाचा ६० सेंटिमीटर होजचा तुकडा चढवला, खालून दोरीने आधार दिला आणि हळू वेगात फिरलो. शेपूट, म्हणजे सायलेन्सरच्या मागची नळी, आता ३ मीटर. हिशोबाप्रमाणे सूर ६१ हर्ट्झवर, म्हणजे सुमारे १२२० आरपीएमवर उतरायला हवा. १५०० वर बोट शांत होती. १२०० च्या आसपास घुमायला लागली. तुकडा काढला, घुमारा परत १५०० वर. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

म्हणजे सायलेन्सरमध्ये दोष नव्हता, त्याची जागा चुकली होती. दोन महिने मी व्यास आणि लांबी यांचाच विचार करत होतो. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. ३ इंची नळीला ६ इंची पोकळी लावली तर तत्त्वतः जास्तीत जास्त साडेसहा डेसिबल अडतात, ८ इंची लावली तर अकरा. माझी ८ इंची, ६० सेंटिमीटर लांबीची आहे. पण पोकळीने जे अडवलं ते सगळं, वर थोडं जास्तच, मागची नळी १५०० वर परत वाढवून देत होती.

उपाय शेपूट आखूड करण्याचा. सायलेन्सर मागे नेला की शेपूट ०.९ मीटर उरतं, त्याचा सूर जातो २०३ हर्ट्झवर. त्यासाठी इंजिनाला ४००० च्या वर फिरावं लागेल आणि के इंजिनाची कमाल ३२०० आहे. सूर राहतोच, पण इंजिनाच्या आवाक्याबाहेर.

लिहायला सोपं, बसवायला त्रासाचं. मागे रडरचा हात फिरतो, शेजारी इंधनाची टाकी, आणि मधे मोकळी उंची २२ सेंटिमीटर. सायलेन्सर २० चा. तो कुठल्याही फळीला स्क्रूने बांधायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. फळीला बांधला की फळीच तबल्यासारखी वाजते. दोन फ्रेमवर ओकचा आडवा तुकडा टाकला, त्यावर रबर, त्यावर दोन पट्टे. दुसरी अडचण उताराची. नळीला मीटरमागे किमान ४ सेंटिमीटर उतार ट्रान्समकडे हवाच, नाहीतर पाणी साचतं. सायलेन्सरचं मागचं तोंड मध्यावर नसून तळाशी आहे, त्यामुळे तो रिकामा होतो. मध्यावर तोंड असलेला या जागी मी कधीच लावला नसता. आत काही लिटर पाणी राहिलं असतं, आणि इंजिन सुरू न होता बराच वेळ स्टार्टर मारला की त्यात भर पडून ते मागे सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. रायझरमध्ये पाणी सोडायची जागा भरल्या बोटीच्या पाणरेषेपासून ३० सेंटिमीटरच्या वर आहे हे पुन्हा मोजून घेतलं. ट्रान्समवर रबरी झडप आहेच, कारण वेग एकदम कमी केला की मागची लाट येऊन नळीत शिरते.

बॅकप्रेशरची, म्हणजे नळीतल्या अडथळ्याने इंजिनावर येणाऱ्या उलट्या दाबाची, काळजी होती. रायझरला, पाणी मिसळण्याच्या आधी, एक छोटा पितळी जोड आहे. त्याला तांब्याची गुंडाळलेली नळी लावली, पुढे पारदर्शक नळीचा यू आणि त्यात रंगीत पाणी. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजायचा. १ पीएसआय दाब म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर पाणी. मी स्वतःला दीड पीएसआयची, म्हणजे १०५ सेंटिमीटरची मर्यादा घातली होती. पूर्ण थ्रॉटलला सरळ नळीवर २८ होते, आता ४९ आहेत. इंजिन ३१५० ऐवजी ३१२० पर्यंत जातं. तीस फेरे मी आनंदाने दिले.

प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प. सगळं बसल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावर हात फिरवला आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत), मग मागच्या सीटपाशी ठेवला. सायलेन्सरचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हा अलार्म घ्यावाच. या वायूला वास नसतो, आणि चालत्या बोटीच्या मागे हवेची पोकळी होऊन तो कॉकपिटमध्ये ओढला जातो. ट्रान्समवर तोंड खाली वळवणारी रबरी कोपरी लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. त्याने एखाददुसरा डेसिबल कमी होईल, पण गॅस नेमका त्या पोकळीत सोडला जाईल अशी मला भीती वाटते, शिवाय वार्निश केलेल्या ट्रान्समवर ती मला बघवणार नाही. लावली नाही.

रविवारी सकाळी वारा पडलेला असताना मोजणी केली. १५०० ला सी-वेटिंगवर ८८ चे ७९, ए वर ६९ चे ६६. २८०० ला ए वर ७७ चे ७५. टोक गेलं. सहा सिलिंडरची ती एकसंध, मऊ धडधड मात्र राहिली आहे, आणि ती मला हवीच होती. या बोटीला मुकी करायचं नव्हतं.

एक गोष्ट उरली आहे. १०५० च्या आसपास अगदी हलका गुंजारव येतो. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची पुढची नळी, रायझर धरून, आता १.८ मीटर झाली आहे. एका टोकाला इंजिन, म्हणजे बंद, दुसरं उघडं. अशा नळीचा सूर लांबीच्या चौपटीवरून निघतो, ५१ हर्ट्झ, म्हणजे १०२० आरपीएम. त्यामुळे कारण कळलं आहे. पण हा सूर सायलेन्सरच्या अलीकडे असल्याने बरंचसं तिथेच अडतं, आणि १०५० वर बोट फार वेळ चालतही नाही. तो तसाच ठेवतोय.

आता सीटवर बसल्यावर सगळ्यांत मोठा आवाज एक्झॉस्टचा राहिलेला नाही. इंजिनाच्या पेटीचं झाकण हाताने दाबून धरलं की कार्ब्युरेटरचा घशातला आवाज लगेच कमी होतो. झाकणाच्या कडेला बोटभर फट आहे. पुढच्या शनिवारी पेटी उतरवतोय.