वाइल डेर श्टाट आणि केप्लरची आई

तीस वर्षं मी अकरावीला ग्रहांच्या गतीचे केप्लरचे तीन नियम शिकवले. फळ्यावर लंबवर्तुळ, एका नाभीत सूर्य, सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ. त्यामुळे लेकीकडे जर्मनीत स्टुटगार्टला आल्यावर पहिल्यांदा कुठं जायचं ते ठरलेलंच होतं. एस-६ लोकलचं शेवटचं स्टेशन, वाइल डेर श्टाट. २७ डिसेंबर १५७१ ला योहानेस केप्लर इथं जन्मला.

चौकात १८७० सालचा त्याचा पुतळा आहे. केप्लर बसलेला, हातात वर्तुळ काढायचा कंपास. खाली चार बाजूंना चौघे जण: खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस आणि टायको ब्राहे, केप्लरचे गुरुजी मेस्टलिन आणि घड्याळं बनवणारा योस्ट ब्युर्गी. घड्याळजीला कोपर्निकसच्या पंगतीला बसवलंय, हे मला फार आवडलं. वेळ अचूक मोजता आली नाही तर ग्रहांचं गणित कशाच्या जिवावर करायचं?

मला मात्र सारखी आठवत होती त्याची आई, काटारीना. केप्लर चार-पाच वर्षांचा असताना हे कुटुंब जवळच्या लेओनबेर्गला गेलं. १५७७ चा मोठा धूमकेतू दिसला तेव्हा तिनं पोराला उंचावर नेऊन तो दाखवला. ती आठवण त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे.

याच बाईवर १६१५ मध्ये चेटकीण असल्याचा आळ आला. तिनं दिलेल्या कडू पेयानं आपण आजारी पडलो, असं एका बाईचं म्हणणं. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काटारीनाला अटक झाली. चौदा महिने साखळदंडात. केप्लर ऑस्ट्रियातल्या लिंट्सहून धावत आला आणि एकेक आरोप खोडत गेला. शाळामास्तर लंगडा झाला तो चेटकानं नव्हे, खंदकावरून उडी मारताना पडला म्हणून! निरीक्षणं तपासायची त्याची हीच तर पद्धत. छळाची हत्यारं समोर मांडली तरी म्हातारीनं कबुली दिली नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये ती सुटली आणि सहा महिन्यांत गेली.

वाइल डेर श्टाटमध्येच १४९९ मध्ये धर्मसुधारक योहानेस ब्रेंझ जन्मला होता. गारपीट चेटकिणी आणत नाहीत, असं त्यानं १५३९ मध्येच प्रवचनात सांगितलं होतं. चेटकिणींना शिक्षा नको, असं मात्र तोही म्हणाला नाही. याचं मला वाईट वाटतं.

तिसरा नियम केप्लरनं १६१९ च्या ग्रंथात छापला. वर्गात मी टीचा (ग्रहाच्या प्रदक्षिणेच्या काळाचा) वर्ग आणि एचा (सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा) घन लिहून पुढं जायचे. आईवरचा आळ तेव्हा चार वर्षं जुना झाला होता, हे एकाही वर्गाला सांगितलं नाही.

परतताना लेओनबेर्गला उतरले. लेक म्हणाली, "आई, इथं काय बघायचंय?" म्हटलं, थोडा अंधार पडू दे.