तुम्ही विचारलंत म्हणून : "ताई, नाच शिकून पुढे सिनेमात जाता येतं ना?"

प्रवेशाच्या दिवशी फीचं बोलणं होतं, घुंगरू कुठून घ्यायचे ते होतं, परीक्षांचं होतं. मग मुलगी चपला घालायला बाहेर गेली की आई जरा आवाज खाली आणते आणि हा प्रश्न विचारते. एकदा एका आजोबांनीही विचारला होता. बावीस वर्षं कथकचा क्लास चालवतेय, पूर्वी मी "बघू की, आधी तत्कार तर येऊ दे" म्हणून वेळ मारून न्यायचे. (तत्कार म्हणजे तालावरचं पायांचं काम.) हल्ली बसवून घेते, चहा टाकते आणि मोइरा शिअररची गोष्ट सांगते. बाई कथकमधली नाही, बॅलेतली. आणि पुण्याची नाही, स्कॉटलंडची.

जन्म १९२६ चा, डनफर्मलिन गावातला. वडील सिव्हिल इंजिनिअर, त्यांच्या नोकरीपायी कुटुंब आफ्रिकेत, उत्तर ऱ्होडेशियात गेलं. आज त्या देशाला झांबिया म्हणतात. तिथे एन्डोला नावाच्या खाणींच्या भागातल्या गावात पोर नाच शिकायला लागली. शिकवणारी व्यक्ती इटालियन बॅलेगुरू एन्रिको चेकेत्ती यांच्या शिष्यपरंपरेतली होती. आपल्याकडे एखाद्या आडगावी थेट जयपूर घराण्याची तालीम मिळावी तसं झालं म्हणायचं. पुढे ब्रिटनला परत, लंडनमध्ये रशियन बॅलेगुरू निकोलाय लेगाट यांच्याकडे शिक्षण, मग सॅडलर्स वेल्स या तिथल्या बॅले कंपनीची शाळा. १९४१ साली, म्हणजे बाहेर युद्ध चालू असताना, पंधराव्या वर्षी ती रंगमंचावर आली आणि पुढच्याच वर्षी सॅडलर्स वेल्सच्या कंपनीत दाखल झाली. ही कंपनी निनेट द व्हॅल्वा नावाच्या बाईंनी उभी केली होती. शिस्त कडक, आणि पहिलं नाव ठरलेलं: मार्गो फाँटेन. शिअरर तिच्या पाठोपाठची.

आता एक प्रसंग नीट ऐका, कारण माझं सगळं उत्तर त्यात आहे. एप्रिल १९४६. लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात फ्रेडरिक अ‍ॅश्टन यांनी सीझर फ्रँकच्या संगीतावर एक छोटी रचना बसवली. तिला ना गोष्ट, ना राजपुत्र. सहाच नर्तक, तीन बायका आणि तीन पुरुष. बायकांत फाँटेन, पामेला मे आणि वीस वर्षांची शिअरर. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सहाजणांतलं कोणीही विंगेत जात नाही. पाणी प्यायला नाही, श्वास घ्यायला नाही. ज्याची पाळी नाही त्यानं तिथेच स्तब्ध उभं राहायचं, आणि ते उभं राहणंही नाचच. पंधरा-वीस मिनिटं. ज्यांनी एकदा तरी न थांबता तत्कार लय वाढवत नेलाय, त्यांना हे वाचूनच पोटऱ्या आठवतील.

याच सुमारास मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर ही जोडगोळी एका बॅले नर्तिकेवर 'द रेड शूज' हा सिनेमा काढत होती. परीकथा लिहिणाऱ्या अँडरसनची जुनी गोष्ट त्याच्या पोटात: लाल बूट घातले की पाय थांबतच नाहीत. पॉवेलना नाचता येणारी नटी नको होती, अभिनय जमेल अशी खरी नर्तिका हवी होती, आणि शिअररचे केस लालभडक. रंगीत फिल्मवर ते कसे पेटतील हे त्यांना दिसलं असणार. ती मात्र नाही म्हणाली. जवळजवळ वर्षभर नाही म्हणत राहिली. शेवटी द व्हॅल्वा बाईंनीच, करून टाक एकदाचं, अशा अर्थाचं सांगितलं, तेव्हा ती तयार झाली.

आया इथे हमखास थांबवतात. "वर्षभर नाही म्हणाली? का?" मी म्हणते, जाऊन आल्यावर कळतं का ते.

मी गेले होते. चोविसाव्या वर्षी, एका ऐतिहासिक सिनेमातल्या दरबाराच्या नाचात, तिसऱ्या रांगेत. कंपनीचं नाव घेत नाही. दरबार लाकडाचा, खांब थर्माकोलचे, पण पायाखाली सिमेंट आणि वर नुसतं लाल जाजम. आपल्या क्लासमध्ये लाकडी फळ्या आहेत ना, पाय आपटला की त्या थोडं झेलतात. सिमेंट काहीच झेलत नाही, सगळं गुडघ्याकडे परत पाठवतं. नृत्यदिग्दर्शकाचा सहायक "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" ओरडायचा, आम्ही आठ आकडे नाचायचो, मग "कट". मग अर्धा तास दिवे हलवायचे. तोवर अंग थंड. मग तेच आठ आकडे दुसऱ्या बाजूनं. तीन दिवसांत एकदाही सम, म्हणजे तालाचं आवर्तन पुरं झालं की येणारी पहिली मात्रा, आली नाही. गाणं मधूनच सुरू व्हायचं आणि मधूनच तुटायचं. तिसऱ्या दिवशी घुंगरांच्या दोरीखालची कातडी सोलून निघाली. पैसे चार महिन्यांनी आले. थिएटरात आईला घेऊन गेले तर माझ्या वाट्याला ओढणीचं टोक. आईनं मात्र ओळखलं!

शिअररचं यापेक्षा निराळं काय, ती तर नायिका होती. पण सिमेंट तेच. बॅलेवाल्यांचा बूट म्हणजे साटिनच्या आत कापड आणि सरस यांचे थर देऊन कडक केलेलं टोक, आणि अख्खा देह त्या टोकावर. उडी मारून खाली आल्यावर लवचिक लाकूड नसेल तर पायांची काय गत होत असेल? त्या सिनेमातला मुख्य बॅले पडद्यावर सतरा मिनिटांच्या आसपास चालतो. रॉबर्ट हेल्पमननं तो बसवला, बूट बनवणाऱ्या चांभाराची भूमिका लिओनिद मासिनची, आणि ती त्यानं स्वतःची स्वतः रचली. या सतरा मिनिटांच्या चित्रीकरणाला सहा आठवड्यांच्या आसपास लागले. एका बाजूला अ‍ॅश्टनची पंधरा-वीस मिनिटं, एका श्वासात. दुसऱ्या बाजूला सतरा मिनिटं, सहा आठवड्यांच्या तुकड्यांत. दोन्ही नाचणारी बाई एकच.

सिनेमा आला १९४८ मध्ये. इंग्लंडमध्ये निर्मितीला पैसा पुरवणाऱ्यांनाच तो आवडला नव्हता. न्यूयॉर्कच्या बिजू थिएटरात तो १०७ आठवडे चालला. (नाव खरंच बिजू. आपल्या ओळखीचं वाटतं म्हणून मला ते उगाच आवडतं.) कलादिग्दर्शनाचं आणि संगीताचं ऑस्कर मिळालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अ‍ॅश्टनचा तीन अंकी 'सिंड्रेला' कोव्हेंट गार्डनमध्ये उभा राहिला आणि फाँटेन जायबंदी असल्यामुळे पहिल्या रात्रीची सिंड्रेला शिअरर नाचली. नर्तिकेच्या आयुष्यात याहून मोठी रात्र कुठली? पण आज दहाजणांना विचारा. अकराव्यालासुद्धा लाल बूटच आठवतील.

१९४९ मध्ये कंपनी अमेरिकेला गेली तेव्हा तर कमालच. तिथल्या प्रेक्षकांना शिअररचं नाव आधीपासून पाठ होतं, तेही सिनेमातलं म्हणून. गाजली फाँटेन, आणि रास्तच गाजली. पण शिअररवर 'सिनेमावाली' हा शिक्का बसला तो बसलाच. त्या सिनेमानं आपलं बॅलेतलं नुकसान केलं, असं ती पुढे उघड बोलून दाखवायची. मला यात तिची थोडी कुरकुरही दिसते. फाँटेन समोर असताना दुसरं नाव पहिलं होणं सिनेमा न करताही अवघडच होतं. आपल्याकडेही गुरूची आवडती शिष्या एकच असते.

पुढचं पटापट सांगते. १९५० मध्ये लेखक-पत्रकार लुडोविक केनेडीशी लग्न. १९५१ मध्ये पॉवेल-प्रेसबर्गर यांच्याच ऑपेरा-सिनेमात तिनं चावीची बाहुली केली. मला विचाराल तर तिचं सगळ्यात बिनचूक काम हे. कारण चावी संपत आलेल्या बाहुलीचे तुटक, अर्धवट हातवारे कॅमेऱ्यानं कितीही तोडले तरी बिघडत नाहीत! १९५३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, तिनं बॅले सोडला. मग नाटकं, थोडे सिनेमे. १९६० मध्ये पॉवेलच्याच एका भयपटात ती दुसऱ्या नटीच्या जागी उभी राहणारी बदली कलाकार झाली. रिकाम्या स्टुडिओत, सगळे घरी गेल्यावर, टेप लावून ती नाचते, आणि कॅमेरावालाच तिला मारतो. त्या सिनेमावर ब्रिटिश समीक्षक असे तुटून पडले की पॉवेलची कारकीर्द त्यातून सावरली नाही. ती मात्र चार मुलांच्या संसारात रमली, लिहीत राहिली, ज्यांच्या हाताखाली थोडाच काळ काम केलं त्या नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन यांच्यावर तिनं १९८६ मध्ये पुस्तक काढलं. २००६ मध्ये गेली. २००९ मध्ये त्या लाल बुटांच्या सिनेमाची प्रत नव्यानं उजळून कान महोत्सवात दाखवली गेली. १९४६ च्या त्या सहाजणांपैकी मात्र आज कोणीच हयात नाही.

मग जाता येतं का सिनेमात? येतं, का नाही येत. शिअररनं जाऊन दाखवलं, आपल्याकडे वैजयंतीमालांनी दाखवलं. सिनेमा टिकतोही. फक्त टिकवायचं काय, हे नाचणारीच्या हातात नसतं. तिनं वर्षभर नाकारलेलं काम टिकलं; ज्यासाठी ती पहाटेपासून बारला, म्हणजे सरावाच्या दांडीला, पाय लावत होती, त्यातलं बहुतेक पाहणाऱ्यांबरोबर गेलं. हे ऐकूनही पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, मी अडवणार नाही. फक्त मला मुलगी सात-आठ वर्षं द्या.

एवढं सांगूनही परवा एका आईनं क्लासमध्येच व्हिडिओ काढायला मोबाइल लावला. लेक तुकडा करत होती, तिहाईचा (एकच बोल तीनदा घेऊन समेवर यायचं, त्यातला) दुसरा पल्ला चालू होता, आणि आईनं "तीस सेकंद झाले गं" म्हणून बंद केला. पोर बिचारी समेच्या 'धा'वर एकटीच आली.

त्या दोघींना मी शनिवारी घरी बोलावलं आणि लॅपटॉपवर तो बॅले दाखवला. आई पडद्यावरचे केस बघत होती, "काय रंग आहे हो!" म्हणत होती. दहा वर्षांची पोर मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत होती. चांभारानं बूट पुढे केले, शिअररनं त्यात पाय घातले, रिबिनी आपोआप बांधल्या गेल्या, ती निघाली. पोरीची बोटं चालूच. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात विचारलं, "ताई, हिला दोन आवर्तनं सलग का नाही नाचू देत?"