पिवळ्या पानात लोह जास्त

प्रवरा कालव्याच्या पट्ट्यातला खोडवा ऊस. शेंड्याची पानं पिवळीधमक, काही पार पांढरी, शिरांच्या हिरव्या रेघा तेवढ्या शिल्लक. याला केवडा पडला म्हणतात, म्हणजे उसाला लोह कमी पडलं. युरियाचा जादा हप्ता देऊन झाला होता, कारण पिवळं दिसलं की नत्र कमी, हे खताच्या दुकानांनी गावाला पाठ करून दिलंय. नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. इथे ती हिरवीगार होती. कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

शेतकऱ्याकडे माती परीक्षणाचा अहवाल होता: सामू (पीएच) ८.४, लोह ५.४ पीपीएम, शेरा ‘पुरेसे’. आकडा खोटा नव्हता. मातीतलं लोह मोजायच्या लिंडसे-नॉर्व्हेल यांच्या १९७८ च्या डीटीपीए पद्धतीत लोहाची मर्यादा ४.५ आहे, त्याखाली कमतरता. पण त्या पद्धतीत १० ग्रॅम वाळलेली माती ७.३ सामूच्या २० मिली द्रावणात दोन तास हलवतात. मुळांना मिळते ती ओली, चुनखडीची, बायकार्बोनेटने भरलेली माती, आणि तीत असलेलं लोहही पिकाला वापरता येत नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर ढेकूळ फसफसलं, म्हणजे मातीत मोकळा चुना होता. ही चाचणी बांधावर मिनिटभरात होते, पण अहवालात मुक्त चुन्याचा रकानाच नव्हता!

पानांचं विश्लेषण केलं. पानं आधी साध्या पाण्यात, मग विरल आम्लात, शेवटी डिस्टिल्ड पाण्यात धुवावी लागतात. नाहीतर धुळीतलं लोह मोजलं जातं. तरीही पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्यापेक्षा जास्तच निघालं. लोह पानापर्यंत पोचतं, पण बरंचसं निरुपयोगी रूपात अडकतं, शिवाय पान खुरटल्याने त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

निकाल लागला तो ऑर्थो-फेनँथ्रोलिनवर. पानाला वापरता येणाऱ्या, म्हणजे सक्रिय (फेरस) लोहाशी हे रसायन नारिंगी रंग देतं. ताज्या पानाचे बारीक तुकडे २ ग्रॅम, सामू ३ चं दीड टक्का द्रावण २० मिली, १६ तास ठेवायचं, गाळायचं, ५१० नॅनोमीटरवर वाचायचं. हिरव्या पानाचा अर्क गडद नारिंगी, पिवळ्याचा फिकट. सक्रिय लोह पिवळ्यात स्पष्ट कमी. ही चाचणी ताज्या पानावरच होते, आणि आपल्याकडे नमुने एसटीने, प्लॅस्टिकच्या पिशवीत उबून येतात. म्हणून ती फारशी कुणी करत नाही, आणि ‘पुरेसे’चे शिक्के उमटत राहतात.

दुकानातून आणलेलं ईडीटीए चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) ठिबकमधून सोडलं होतं. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोह सोडून कॅल्शियम धरतं, ८.४ ला ते पैसे मातीतच गेले. अशा जमिनीत ईडीडीएचए हे दुसरं चिलेट टिकतं, पण ते महाग. फवारणी स्वस्त: १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, सायट्रिक आधी विरघळवून. हिराकस हिरवट खड्यांचा घ्यावा. तांबूस पडलेला फेकून द्यावा, त्यातलं लोह आधीच फेरिक, म्हणजे पिकाला सहज न वापरता येणारं, झालेलं असतं.

चार-पाच दिवसांनी जिथे थेंब पडले तिथे हिरवे ठिपके उमटले, मधली जागा पिवळीच. लोह पानात फारसं सरकत नाही, म्हणून पान पूर्ण भिजायला हवं आणि नव्या पानांसाठी आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. जमिनीतून द्यायचं तर हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून. आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवायचं, कारण साचलेल्या पाण्याने बायकार्बोनेट वाढतं. शेतकऱ्याला हे शेवटचंच पटेना. कालव्याचं आवर्तन आलं की पाणी सोडणारच, असं त्याचं म्हणणं, आणि आवर्तनाची तारीख त्याच्या हातात नाही हेही खरं.