वांग्सनेसचा फ्रिट्यॉफ: पुतळा पाहावा तो दोन्ही काठांवरून

नॉर्वेतील सोग्नेफ्योर्ड या डोंगरांमधून आत शिरलेल्या लांब, अरुंद समुद्रखाडीच्या दक्षिण काठावर वांग्सनेस नावाचे छोटेसे गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर, चबुतऱ्यासह साडेबावीस मीटर उंचीचा, म्हणजे साधारण सात मजली इमारतीएवढा, फ्रिट्यॉफ या गाथानायकाचा कांस्यपुतळा उभा आहे. तो आम्हाला प्रथम दिसला तो फेरीबोटीच्या कठड्याशी उभे असताना. पाण्यावरून पाहताना घरे काडेपेट्यांसारखी वाटतात आणि त्यांच्यामागून हा योद्धा इतका अवाढव्य वर येतो की, गाव त्याच्या पायाशी खेळायला बसले आहे असा भास होतो. बहुतेक प्रवासी तेवढ्यावर समाधान मानतात, बोटीवरूनच छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण या पुतळ्याचा अर्थ त्याच्या जागेत आहे. आइसलँडमध्ये मध्ययुगात लिहिल्या गेलेल्या गाथेनुसार फ्रिट्यॉफचे घर फ्रामनेस येथे, म्हणजे परंपरेप्रमाणे याच वांग्सनेसला होते, आणि पलीकडच्या काठावर राजा बेलेचे राज्य होते. बेलेची मुलगी इंगेबोर्ग हिच्यावर फ्रिट्यॉफचे प्रेम होते. पण तो राजकुळातला नसल्याने बेलेच्या मृत्यूनंतर तिच्या भावांनी त्याला नकार दिला. भाऊ मोहिमेवर जाताना तिला बाल्डर देवाच्या पवित्र आवारात ठेवून गेले. तेथे कोणी पुरुष तिच्याकडे जाण्याचे धाडस करणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. फ्रिट्यॉफ होडी घेऊन सरळ तेथेच जाऊ लागला. शिक्षा म्हणून त्याला ऑर्कनी बेटांवर खंडणी वसूल करायला पाठवण्यात आले आणि त्याच्या पाठीमागे त्याचे घर जाळण्यात आले. परत आल्यावर त्याने खंडणीची थैली इंगेबोर्गचा भाऊ राजा हेल्गे याच्या तोंडावर अशी फेकून मारली की हेल्गेचे दोन दात पडले. त्या झटापटीत देवळालाही आग लागली. कथेचा शेवट सुखाचा आहे. इंगेबोर्ग अखेर त्याचीच होते.

ही कथा युरोपभर पोहोचली ती स्वीडिश कवी एसायास टेग्नेर यांच्या 1825 सालच्या काव्यामुळे. जर्मनीतही ते फार वाचले गेले आणि पुतळा आला तोही जर्मनीतूनच. जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म 1889पासून जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात आपल्या जहाजाने नॉर्वेच्या किनाऱ्यावर येत असे. त्याने बर्लिनचे शिल्पकार मॅक्स उंगर यांच्याकडून फ्रिट्यॉफ घडवून घेतला, समोरच्या बालेस्ट्रांडसाठी एर्न्स्ट हेर्टर यांच्याकडून राजा बेलेचा पुतळा करवला, आणि 31 जुलै 1913 रोजी दोन्ही नॉर्वेला भेट दिले. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये तो पुन्हा याच फ्योर्डमध्ये नांगर टाकून होता. युरोपातील बातम्या बिघडल्यावर घाईने परतला आणि 1 ऑगस्ट 1914 रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. अनावरणाला तेव्हा एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. हे ठाऊक असले की पुतळ्याच्या भव्यतेकडे पाहताना मनात थोडी शंका राहते, आणि ती राहावी. गाथेतला रागीट, हट्टी, प्रेमात पडलेला तरुण मला त्या पुतळ्यात फारसा सापडला नाही. कैसरच्या कल्पनेतला वीर मात्र पुरेपूर सापडला.

आता जाणाऱ्यांसाठी. बर्गनहून स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने व्हॉस मार्गे यावे; व्हॉसनंतर व्हिन्येपाशी 13 क्रमांकाचा रस्ता धरला की तो विकाफ्येल डोंगर ओलांडून विक गावात उतरतो आणि तेथून वांग्सनेस सुमारे अकरा किलोमीटर आहे. हा घाट हिवाळ्यात हिमवादळांमुळे बंद पडू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती पाहावी. गाडी नसल्यास बर्गनहून जलद प्रवासी बोटीने सुमारे चार तासांत बालेस्ट्रांडला यावे, बेलेचा पुतळा पाहून घ्यावा आणि नऊ किलोमीटरवरील ड्राग्सविकच्या धक्क्यावरून फेरीबोटीने वांग्सनेसला उतरावे.

फेरीबोटीबाबत एक सावधगिरी. ही सेवा वांग्सनेस, ड्राग्सविक आणि हेला अशा तीन धक्क्यांमध्ये चालते आणि प्रत्येक ठिकाणासाठी गाड्यांची रांग वेगळी असते. परतताना आम्ही गप्पांच्या नादात पाटी न वाचता चुकीच्या रांगेत गाडी लावली. बालेस्ट्रांडला पोहोचण्याऐवजी हेलाच्या धक्क्यावर उतरलो आणि पुढच्या बोटीची वाट पाहत, गाडीच्या काचेवर पावसाचे थेंब मोजत बसलो. दोष सर्वस्वी आमचा होता. धक्क्यावर आल्याबरोबर रांगेवरील नाव वाचावे. भाड्यासाठी गाडीच्या क्रमांकाची नोंद कॅमेरा करतो, त्यामुळे भाड्याची गाडी घेताना हा खर्च कसा वसूल होईल ते आधीच विचारून ठेवावे.

धक्क्यावरून पुतळ्यापर्यंतची चढण थोडी आहे. पायथ्याशी उभे राहिल्यावर मान मागे टाकूनही चेहरा नीट दिसत नाही, म्हणून काही पावले मागे सरकावे आणि मग पुतळ्याकडे पाठ करून तो पाहतो तिकडे, पाण्यापलीकडे पाहावे. आम्हाला सर्वांत चांगला वेळ तोच वाटला.

जोडीला विकमधील हॉपरस्टाडचे लाकडी चर्च अवश्य पाहावे. ते साधारण 1130 सालचे आहे आणि पर्यटकांसाठी उन्हाळ्यातच उघडते. गामालोस्त हे तेथले जुन्या पद्धतीचे, उग्र वासाचे चीज आहे; घ्यायचेच असेल तर छोटा तुकडा घ्यावा आणि तो गाडीत उघडू नये. शाकाहारी मंडळींनी बालेस्ट्रांड किंवा विकच्या दुकानातून पाव, फळे आणि दही बरोबर ठेवावे. रेनकोट मात्र जुलै असला तरी विसरू नये.